पंच्यात बांधलेलं मडकं

गाडी पकडायची असली की आमचे बाबा वेळेच्या दोन तास आधी स्टेशनवर पोचतात. सक्करदऱ्याहून नागपूर स्टेशन असं किती लांब? रस्त्यात कुठे अडकलं तरी पाऊण तास पुरतो. पण बाबांना ते पटत नाही. त्या दिवशी पुण्याची गाडी संध्याकाळी सहाची होती आणि आम्ही पावणेचारला फलाटावरच्या बाकावर ठाण मांडून बसलो होतो. बाबा, आई, मी, तीन बॅगा, संत्र्यांची एक पेटी आणि आईच्या मांडीवर मडकं.

मडकं बाबांच्या धुतलेल्या पांढऱ्या पंच्यात बांधलेलं होतं. वर घट्ट गाठ. आत बोळे करून दोन जुन्या साड्या कोंबलेल्या, म्हणजे बाहेरून धक्का लागला तर आतून आधार. आईने ते दोन्ही हातांनी धरलं होतं आणि खाली ठेवायला ती तयार नव्हती.

"अवं, खाली ठेव थोडा वेळ. कोणी उचलून नाई नेत," बाबा म्हणाले.

"कोणाची लात लागली म्हंजे?"

एवढं बोलून ती परत गप्प झाली. माझी आई गप्प बसते हे आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

या मडक्यावर लांब रोटी होते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लोकवन गव्हाची कणीक मीठ घालून सैल भिजवायची, इतकी सैल की पोळी करणाऱ्या बाईने नाक मुरडावं. मग परातीत ती आपटायची. आपटून आपटून दंड भरून आले की कणकेला तार सुटते. त्यातला गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायचा. मिनिटभरात रोटी तयार. एवढी मोठी, एवढी पातळ, की घडी घालून ताटात वाढावी लागते. बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षापासून आई लोकांच्या घरच्या कार्याला या रोट्या करून द्यायची. आम्ही दोघी बहिणी त्या रोट्यांवरच शिकलो. मी आज नागपूरजवळच्या बेसाच्या एका शाळेत गणित शिकवते आणि धाकटी पुण्यात कंपनीत आहे.

आईच्या रोट्या सुरू झाल्या की शेजारपाजारच्या बाया पाट घेऊन भोवती बसायच्या. मदतीला नाही, ऐकायला. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाच्या जावयाने आहेरात काय आणलं, सगळ्या सक्करदऱ्याच्या बातम्या आईपाशी असत. मध्येच ती आम्हाला ओरडत असे, मध्येच स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसत असे. हात मडक्यावर आणि तोंड गल्लीभर. रोटीकडे ती पाहायचीसुद्धा नाही. बाबा तिला 'आमचं आकाशवाणी केंद्र' म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी धाकटीला मुलगी झाली. पुण्यात बारसं होतं. आईने मोठ्या हौसेने सांगितलं की रोट्या मी करीन. तिथे नवंकोरं मडकं आणलं, गच्चीत चूल मांडली, आणि धाकटीच्या सासरची वीस-पंचवीस माणसं कौतुकाने गोल करून उभी राहिली. हातातले मोबाईल उंच धरून. पहिली रोटी फाटली. दुसरी मडक्याला चिकटली. तिसरी हातातच तुटून चुलीत पडली. माणसं चांगली हो, कुणी हसलं नाही. "राहू द्या हो, दमला असाल," असंच म्हणत होती. पण आईला ते जास्त लागलं. शेवटी कुणीतरी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या आणि बारसं पार पडलं.

परतीच्या गाडीत अकोला येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "हात गेला माहा."

त्या दिवसापासून तिने एक रोटी केली नाही. लोक सांगायला यायचे, ती गुडघ्यांचं निमित्त सांगायची. बाया पाट घेऊन यायच्या बंद झाल्या. मडकं माळ्यावर गेलं.

मला राग यायचा. कुणावर ते सांगता येत नाही. तीन रोट्या फाटल्या म्हणून एवढ्या वर्षांचा हात जातो का? पण हे आईला म्हटलं की ती म्हणे, "तुले काय समजते त्यातलं?" आणि खरंच मला काही समजत नव्हतं. मला आजही ती रोटी येत नाही.

यंदा धाकटीने नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं सांगायला फोन आला तेव्हा तिने घाईघाईने सांगून टाकलं, "जेवणाचं केटररला दिलंय गं. आईला म्हणावं फक्त यायचं." आई तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या दिवशी मी बेसाहून गेले तर ती स्टुलावर चढून माळ्यावरून मडकं काढत होती.

"मागच्या डाव मडकं नवं होतं," ती म्हणाली. "आता माहं मडकं नेतो म्हटलं. याच्यावर नाई जमलं तं समजू का हात गेला. मंग पुन्हा नाव नाई काढायचं."

"मग आधी इथे एकदा करून बघ ना."

"इथं नाई. तिथं फाटली, तिथंच झाली पायजे."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंचा आणून दिला. लांब रोटीचं मडकं फार तर दोन-तीन वर्षं टिकतं, तडा जातोच. हे नऊ वर्षांचं होतं. बूड काळंकुळीट, पाठ गुळगुळीत. तिला वाटत होतं की हे पुण्याला शाबूत पोचलं तर आपला हातही शाबूत आहे. आणि वाटेत फुटलं असतं तर? तो विचार आम्ही तिघांनीही केला होता, बोललं कुणीच नव्हतं.

गाडी आली. तिकिटं उशिरा काढल्यामुळे आमच्या जागांचा सगळा विचका होता. बाबांची जागा दुसऱ्याच डब्यात, चार डबे पुढे. आईला मधला बर्थ, मला सगळ्यात वरचा. समोर साठी-पासष्टीचं एक जोडपं होतं. पुतण्याच्या लग्नाला नागपूरला आलेले, आता पुण्याला परत निघालेले. काका उंच, स्वेटरची सगळी बटणं लावलेले. बाकाखाली त्यांच्या बॅगा अशा नीट लावलेल्या होत्या की मला माझ्या वर्गाची लाज वाटली. काकू गोऱ्या, गोल, हातात विणकाम. मी त्यांना काका-काकूच म्हटलं, त्यांचं नाव शेवटपर्यंत विचारायचं राहिलं.

आईने मडकं मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. मी म्हटलं, बाकाखाली ठेवू. ती डोळे न उघडता म्हणाली, "खाली नाई ठेवायचं." समोर पुण्याचे लोक बसलेले पाहून तिने नेमकं तेवढंच, हळू आवाजात, सांगितलं. गाडीत चोऱ्या होतात म्हणून तिने निघतानाच मंगळसूत्र काढून पर्समध्ये, पर्स बॅगेत आणि बॅग माझ्या पायाशी ठेवली होती. हे प्रवासाला निघालं की आमच्याकडच्या सगळ्याच बायका करतात.

आता हे सगळं काकूंच्या जागेवर बसून पाहा. बाई साठीच्या पुढची. गळा मोकळा. मांडीवर पांढऱ्या कपड्यात बांधलेलं मडकं, ते खाली टेकवायचं नाही. बाई बोलत नाही, खात नाही, डोळे मिटून बसते. शेजारी तोंड वाकडं केलेली लेक. (माझं तोंड वरच्या बर्थमुळे वाकडं होतं.)

बुटीबोरी गेलं असेल नसेल, काकांनी घसा खाकरला. "ताई, तुम्ही माझ्या खालच्या जागेवर या. मी वर जाईन. तुम्हाला ते घेऊन मधे चढायला नको."

मी मनात म्हटलं, पुण्याच्या माणसांबद्दल आपण नागपूरचे लोक उगाच काहीबाही बोलतो. आईने हात जोडले आणि ती सरकून खिडकीपाशी बसली. काकांनी चिवड्याचा डबा नुकताच उघडला होता, तो त्यांनी परत बंद केला. काकूंनी विणकाम पिशवीत टाकलं. पलीकडच्या बाकावर दोन कॉलेजच्या मुली मोबाईलवर काहीतरी पाहून हसत होत्या. काका त्यांच्याकडे गेले, वाकून काहीतरी बोलले. मुली एकदम चूप. एकीने आईकडे पाहून ओढणी डोक्यावर घेतली.

तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. गणिताच्या बाईंची ही कथा.

वर्ध्याला एक मोठं कुटुंब चढलं. सात-आठ माणसं, लोखंडी पेटी, पिंपासारख्या दोन पिशव्या. त्यांची जागा पुढे होती, पण पेटी आमच्या बाकावर टेकवायची त्यांची तयारी झाली. पेटीचा कोपरा आईच्या मांडीपासून वीतभर अंतरावर आला. मी ओरडणार तेवढ्यात काकाच उभे राहिले. काय तो आवाज! "इथे काही ठेवायचं नाही! दिसत नाही का, अस्थी आहेत?"

पेटी जिथल्या तिथे थांबली. पेटीवाल्याने चपला काढल्या, हात जोडले आणि पेटी डोक्यावर घेऊन पुढे निघून गेला. त्याच्यामागे ते सगळे आपापल्या पिशव्या पोटाशी धरून, चवड्यांवर चालत गेले.

आई झोपली होती. मागची रात्र तिने जागून काढली होती, डोळे मिटले की पाच मिनिटांत लागायचे. तिला यातलं काही कळलं नाही.

मी बेसिनपाशी गेले तर काकू मागोमाग आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वडिलांच्या अस्थी आळंदीला नेताय ना? फार चांगलं करताय. आईंना सांभाळा."

सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की काकू, वडील चार डबे पुढे बसून बहुतेक पत्ते खेळतायत आणि तो कलश नाही, रोट्यांचं मडकं आहे. तोंड उघडलंसुद्धा. पण डोळ्यांसमोर तो पेटीचा कोपरा आला. पुढे बडनेरा होतं, अकोला होतं, भुसावळ होतं, प्रत्येक स्टेशनवर पेट्या चढणार होत्या. मी मान खाली घातली. खोटं बोलले नाही, एवढंच. वर्गात उत्तर लपवणाऱ्या पोरांना मी तासभर उभं करते, आणि इथे आपलाच बाप जिवंतपणी आळंदीला पाठवून मी जागेवर येऊन बसले.

पुढचा तास-दीड तास आमच्या बाकाभोवती देवळासारखी शांतता होती. चहावाला आला, काकांनी खुणेनेच पुढे पाठवला. धामणगाव गेलं. मला भूक लागली होती आणि आमच्या डब्यातल्या सांबारवडीचा वास येत होता. हिवाळ्यातला कोवळा सांबार, म्हणजे कोथिंबीर, त्यात खसखस, खोबरं. काकांनाही तो येत असणार. ते दर पाच मिनिटांनी चिवड्याच्या डब्याकडे पाहत, मग मडक्याकडे पाहत आणि सुस्कारा टाकत. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. खरं सांगायचं तर हसू जास्त येत होतं.

बडनेऱ्याला गाडी थांबली आणि खिडकीच्या गजांतून वर्तमानपत्राचं तेलकट पुडकं आत आलं. पाठोपाठ आवाज. "अवं, उठ! गरम भजे हायेत!"

आई दचकून उठली. बाबा दारातून आत आले, काकूंच्या शेजारच्या रिकाम्या जागेत ऐसपैस बसले आणि मडक्यावर टिचकी मारून कान लावला. "वाजते ना! शाबूत हाये. मी तं उगाच घोर करून राहिलो होतो."

काकूंचा हात तोंडावर गेला. काका बाबांकडे पाहत होते, मडक्याकडे पाहत होते, परत बाबांकडे पाहत होते.

"हे कोण?" त्यांनी मला विचारलं.

आता सुटका नव्हती. "हे माझे बाबा," मी म्हटलं. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मडकं, रोट्या, पेटीचा कोपरा, शिक्षिका असून माझं गप्प बसणं. काहीही वगळलं नाही.

मग काकांचा चेहरा लाल झाला. "दोन तास!" ते म्हणाले. "दोन तास मी चिवडा उघडला नाही! बाई, तुम्ही शिक्षिका आहात!"

आईचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "अगं बाई," म्हणत तिने मला बॅग काढायला लावली, पर्स काढायला लावली आणि मंगळसूत्र घालायला घेतलं, तर घाईत फासा बसेना. बाबा मदतीला पुढे झाले. "मले मारलं म्हणता! आन् मी भजे घेऊन आलो!" असं बाबा म्हणाले, आणि आईच्या तोंडून हसण्याचा एक फवारा बाहेर पडला. मग ती थांबेचना. मडकं पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसली. काकू तिला "अहो, शुभ बोला, शुभ बोला" म्हणता म्हणता स्वतःच हसायला लागल्या. पलीकडच्या मुली तर बाकावर आडव्या झाल्या होत्या. दोन वर्षांत आईला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

काका मात्र खिडकीकडे तोंड करून बसले. आईने डोळे पुसले, आमचा डबा उघडला आणि सांबारवडी, भजी, ठेचा, संत्र्याच्या फोडी, सगळं कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"भाऊ, रागावू नका. तुमच्यानंच वाचलं माहं मडकं. घ्या ना जी."

काकांनी एक वडी घेतली. मग दुसरी घेतली. तिसऱ्या वडीला त्यांनी विचारलं, "पण या मडक्यात एवढं आहे तरी काय?"

मग आईनेच सांगितलं. बारसं, मोबाईल, तीन रोट्या, हात. बाबा खाली पाहत होते. ऐकून झाल्यावर काकांनी चिवड्याचा डबा उघडून आईपुढे सरकवला आणि बॅगेतून एक पट्टा काढला. त्या पट्ट्याने त्यांनी मडकं आपल्या हवेच्या उशीसकट खिडकीकडच्या कोपऱ्यात असं आवळून बांधलं की भूकंप झाला तरी हलू नये. "जन्मभर यंत्रं पॅक करून पाठवलीत," ते म्हणाले. "एकही फुटलं नाही." खालची जागा त्यांनी परत घेतली नाही. बाबांना आईशेजारी बसायला जागा मिळाली आणि अकोल्यापर्यंत चौघांचे पत्ते रंगले. आम्ही त्यांना वास्तूचं आमंत्रणही देऊन टाकलं.

सकाळी जाग आली ती दौंडच्या अलीकडे. रानात ऊस, वर धुकं, चहावाल्यांची वर्दळ. मडकं जागच्या जागी होतं. आईने उठल्याबरोबर आधी त्याला हात लावला, मग तोंड धुवायला गेली.

पुणे स्टेशनवर उतरलो. दोन गाड्या एकदम आल्या होत्या. जिन्यावर माणसांवर माणसं, ट्रॉलीच्या बॅगा पायऱ्यांवरून धडधडत खाली येत होत्या. आईने मडकं छातीशी धरलं आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. "थांबू थोडं," ती म्हणाली. तिचा आवाज परत लहान झाला होता.

काकांनी स्वेटरची बटणं नीट लावली. आईच्या हातातून मडकं अलगद घेतलं, दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उंच धरलं आणि आदल्या दिवशीच्याच आवाजात गरजले, "बाजूला व्हा! अस्थी आहेत! जरा वाट द्या!"

जिना दुभंगला. देवाशपथ सांगते, मधोमध वाट झाली. एका पोलिसाने टोपी काढली. काकू पदरात तोंड लपवून "अहो, अहो" करत मागून चालल्या होत्या. त्यांच्यामागे आई ओठ दाबून आणि सगळ्यात मागे बाबा, आपल्याच अंत्ययात्रेत संत्र्यांची पेटी खांद्यावर घेऊन. वर पोचल्यावर एका बाईने बाबांना नमस्कार केला. बाबांनी तो गंभीरपणे स्वीकारला.

तिसऱ्या दिवशी वास्तू होती. धाकटीने सोसायटीला विचारून गच्चीत तीन विटांची चूल मांडून दिली होती. केटरर होताच, पण सगळ्यांना कळलं होतं की आई मडकं घेऊन आली आहे. परत तीच माणसं, तोच गोल. आईने पाटावर बसून कणीक आपटली. तार चांगली सुटली होती, ते मलाही दिसलं. मडकं तापलं. तिने गोळा घेतला, झुलवला, टाकला.

फाटली.

"होईल हो, पहिलीच आहे," धाकटीच्या सासूबाई म्हणाल्या. ओठ घट्ट मिटून आईने दुसरा गोळा घेतला. डोळे हातावर, अगदी सुईत दोरा ओवताना असतात तसे. दुसरी मडक्याला चिकटली आणि तिचं भोक पडलं. आईने उलथण्याने ती खरवडून काढली. सगळी गच्ची गप्प होती. तेच मडकं, तोच गहू, तीच आई. मी बाबांकडे पाहिलं, तर ते भलतीकडेच पाहत उभे होते.

तेवढ्यात जिन्यातून काका-काकू वर आले. धापा टाकत काकू सरळ चुलीपाशी गेल्या, पाट ओढून आईला खेटून बसल्या आणि मडक्याला नमस्कार करून म्हणाल्या, "कलशाचं दर्शन घ्यायला आलो हो आम्ही!"

"कसला कलश?" सासूबाईंनी विचारलं.

आईने काकूंकडे पाहिलं. तोंडाचा एक कोपरा हलला. "नाही हो, ते काय झालं," तिने जपून सुरुवात केली, "आम्ही गाडीत बसलो होतो..." काकू फसकन हसल्या आणि आईचा बांध फुटला. "अवो, मी तं झोपून गेली होती! मले काय मालूम का हे माणूस माह्या नवऱ्याले आळंदीले नेऊन राहिलं म्हणून!" हात परातीत गेला. गोळा उचलला. "माही लेक मास्तरीण, ते तोंडात गूळ धरून बसली!" गोळा या हातावरून त्या हातावर गेला. "आन् हे भाऊ, चिवड्याकडे पायते, मडक्याकडे पायते, चिवड्याकडे पायते..."

रोटी मडक्यावर पडली होती. अख्खी. काठापासून काठापर्यंत, कुठेही भोक नाही. आईने ती न पाहता उचलली, घडी घालून टोपलीत टाकली आणि दुसरा गोळा घेतला. ती बडनेऱ्याला पोचली होती, तिला थांबायला वेळ नव्हता.

मी काहीतरी म्हणणार, तर बाबांनी माझं मनगट धरलं. "बोलू नको," ते पुटपुटले. "बोलू दे तिले."

चौथी. पाचवी. सासूबाई खाली बसल्या, मग त्यांची जाऊ बसली, मग शेजारच्या फ्लॅटच्या दोघी. आईच्या आवाजाने गच्ची भरून गेली. धाकटी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "ताई," ती हळूच म्हणाली, "बारशाच्या दिवशी मीच तिला बजावलं होतं गं. आई, इथे जरा हळू बोल, नीट बोल, म्हणून." मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी लहानपणी बसायचो तशा कणकेच्या डब्याशेजारी जाऊन बसलो.

चाळीसच्या वर रोट्या झाल्या. केटररच्या पोळ्या तशाच राहिल्या. काकांनी किती खाल्ल्या ते त्यांच्या मानाखातर सांगत नाही. चूल विझत आली तेव्हा कुठे आईचं टोपलीकडे लक्ष गेलं. तिने वरची रोटी उचलून दोन हातांवर धरली आणि उजेडाकडे करून पाहिली. मग तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे नुसते हसत होतो.

बाबा तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. "हात दुखते का वं?"

"हाताले काय होते," ती म्हणाली. म्हणाली म्हणजे ओठ हलले, आवाज जेमतेम फुटला. ती घोटभर पाणी प्यायली आणि परत हसली.

"घसा बसला जी माहा."